दहा जण गात होते आणि मला मुख्य गायकच सापडेना

तिरपांगडा

मंडळी, मी लंडनजवळ राहतो. आमच्या घरात गाणं म्हणजे रेडिओवरचं शास्त्रीय आणि आईचे अभंग. मी स्वतः गात नाही, पेटीवर बोटं फिरवतो इतकंच. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका बाईंना ऐनवेळी जमेना, म्हणून त्यांचं तिकीट माझ्या गळ्यात पडलं. कार्यक्रम 'द टॅलिस स्कॉलर्स' या मंडळींचा. पीटर फिलिप्स यांनी १९७३ साली ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना हा संच बांधला. चारपाचशे वर्षांपूर्वीचं चर्चमधलं गाणं, मुख्यतः तेवढंच गातात.

जुनं दगडी चर्च, लाकडी बाकं, मोज्यांतून वर चढणारी थंडी. दहा जण अर्धवर्तुळात उभे. वाद्य नाही, माईक नाही. एकीने ट्यूनिंग फोर्क (ठरलेला सूर देणारा धातूचा चिमटा) कानाशी धरला, काहीतरी पुटपुटल्यासारखं गुणगुणली, आणि सुरू.

पहिली पाचेक मिनिटं मी मुख्य गायक शोधत होतो. सगळ्यात उंच आवाजाच्या बाईंच्या मागे लागलो, तर त्या चक्क थांबल्या आणि तीच ओळ खालून एका दाढीवाल्याने उचलली. त्याच्याकडे कान वळवेपर्यंत तिसऱ्याचं भलतंच चालू. लग्नाच्या पंगतीत चार वाढपी एकदम यावेत आणि कुणाला हो म्हणायचं ते कळू नये, तसं झालं.

आवडलं. पण काय आवडलं ते सांगता येईना. राग नाही, ठेका ऐकू येत नाही, समेवर यायचा प्रश्न नाही. तानपुरा नाही, म्हणजे षड्ज धरायचा कुठे? रागसंगीतावर पोसलेल्या कानाने यात नेमकं काय ऐकायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनीही टाकावा.

पोटोबा

अजाणकार हजर आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत चाळीस जण आरती म्हणतात, चाळीस सुरांत. ट्यूनिंग फोर्क पाठवून द्या.

चौथी_आल्टो

पोटोबा, तुम्ही थट्टेत म्हणालात, पण टॅलिसने, म्हणजे ज्याचं नाव या संचाला आहे त्या सोळाव्या शतकातल्या इंग्रज रचनाकाराने, खरंच चाळीस वेगवेगळ्या आवाजांसाठी एक रचना केली आहे. 'स्पेम इन आलियम', साधारण १५७० ची. पाच-पाच आवाजांचे आठ कॉयर, म्हणजे गायकवृंद, आणि प्रत्येक गाणाऱ्याची ओळ वेगळी. सुरुवात एका आवाजाने होते, मग दुसरा, तिसरा, असं करत गाणं एका कॉयरमधून पुढच्यात सरकत जातं. चाळीसही जण एकत्र येतात तेव्हा छाती दडपते. सगळी मिळून दहाएक मिनिटं.

मी मुंबईत एका हौशी कॉयरमध्ये गाते. आमच्याकडे आल्टोंची (बायकांतला खालचा आवाज) संख्या नेहमी कमी, कारण प्रत्येकीला सोप्रानो (सगळ्यात वरचा) व्हायचं असतं. धागाकर्त्यांचा प्रश्न छान आहे, सवडीने लिहिते.

मंद्रषड्ज

दोन्ही संगीतांची थोडी थोडी खोड असल्याने लिहितो.

मुख्य गायक शोधू नका, तो नाहीच. या पद्धतीला पॉलीफनी म्हणतात. चार, पाच, सहा ओळी, सगळ्यांचा मान सारखा. एकाने बोललेलं वाक्य दुसरा थोड्या वेळाने वेगळ्या पट्टीवरून बोलतो, तोवर पहिला पुढे गेलेला असतो.

आता मजेची गोष्ट. जोस्कँ नावाचा मोठा रचनाकार होऊन गेला, निधन १५२१. त्याने इटलीतल्या फेराराच्या ड्यूकसाठी एक मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं गाणं, रचली. ड्यूकचं नाव लॅटिनमध्ये 'हेर्कुलेस दुक्स फेर्रारिए'. यातले स्वर (अ-आ-इ वाले, गाण्यातले नव्हे) काढा: ए उ ए उ ए आ इ ए. त्यांचं सरगम तेव्हा होतं उत, रे, मी, फा, सोल, ला. नावातल्या प्रत्येक स्वराला तोच स्वर असलेलं अक्षर लावलं: रे उत रे उत रे फा मी रे. आपल्या भाषेत रे सा रे सा रे म ग रे. हे आठ सूर अख्ख्या मिस्सेत टेनर (पुरुषांतला उंच आवाज) पुन्हा पुन्हा गातो, बाकीचे त्याभोवती विणतात. ड्यूकसाहेबांना स्वतःचं नाव देवळात घुमताना ऐकू येत असणार.

त्याचीच दुसरी एक मिस्सा ला सोल फा रे मी, म्हणजे ध प म रे ग, या पाच सुरांवर उभी आहे. कुणी बडा माणूस पैशाची बाब आली की 'लाश्या फारे मी', म्हणजे 'ते माझ्यावर सोडा', असं म्हणून वाटेला लावायचा, त्याची ही टिंगल अशी जुनी आख्यायिका आहे. टॅलिस स्कॉलर्सच्या याच रेकॉर्डला १९८७ मध्ये ग्रामोफोन मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा पुरस्कार मिळाला. जुन्या संगीताच्या रेकॉर्डला तो तोवर कधी मिळाला नव्हता. पुढे त्यांनी जोस्कँच्या सगळ्या, म्हणजे अठरा, मिस्सा ध्वनिमुद्रित केल्या. १९८६ ला सुरू केलेलं काम २०२० ला संपलं. चौतीस वर्षं!

पोटोबा

आमच्या वॉर्डातल्या दादांच्या नावात सगळे आकारच आहेत. म्हणजे म म म म. टाळ्या तरीही पडतील.

घड्याळजी

धागा वाचून यूट्यूबवर वीस मिनिटं ऐकलं. स्पष्ट बोलतो, राग नसावा. (राग नसावा, हे दोन्ही अर्थांनी.)

आवाज स्वच्छ आहेत यात वाद नाही. पण इतके स्वच्छ की माणूस दिसेना. मींड नाही, गमक नाही, कुणाचा आवाज जरा खरखरीत नाही. सगळं एका तब्येतीचं. पाच मिनिटांनी उदबत्तीच्या जाहिरातीचं पार्श्वसंगीत वाटायला लागलं. आपल्याकडे गवई एका सुरावर जागा घेतो तेव्हा त्याचं आयुष्य त्यात येतं. इथे दहा जणांनी मिळून आपापलं आयुष्य बाहेर चपलांजवळ ठेवलं आहे. पाचशे वर्षं टिकलं म्हणून आदर. आवडायलाच हवं असं थोडंच आहे?

सुकेळी

घड्याळजी, आयुष्य बाहेर ठेवणं हाच तर मुद्दा होता ना? ते गाणं श्रोत्यांसाठी नव्हतंच. मिस्सा चालू असताना वेदीकडे लक्ष जावं, गाणाऱ्याकडे नाही.

मी वसईची. आमचे आजोबा चर्चच्या कॉयरमध्ये होते. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६५ ला संपली आणि मग हळूहळू मिस्सा मराठीत आली. त्याआधी सगळं लॅटिन. आजोबांना लॅटिनचा अर्थ विचाराल तर शून्य, पण 'कीरिये'पासून 'आग्नुस देई'पर्यंत मिस्सेचे सगळे भाग तोंडपाठ. (कीरिये मात्र ग्रीक आहे, हे मला फार उशिरा कळलं.) शेवटच्या आजारपणात मराठी भजनं विसरले, ही नाही विसरले. बायका भात लावत असायच्या आणि आजोबा बांधावर बसून 'साँक्तुस' म्हणायचे, असं आई सांगते. त्यांचं गाणं बहुतेक एकसुरी, ग्रेगोरियन पद्धतीचं होतं, तुम्ही म्हणता ती पॉलीफनी नव्हे. पण शब्द तेच. पहिल्यांदा टॅलिस स्कॉलर्सची रेकॉर्ड लावली तेव्हा शब्द ओळखीचे आणि घर परकं, असं काहीतरी झालं.

घड्याळजी

सुकेळीताई, बांधावरचे आजोबा आवडले. तेच म्हणतोय मी. ते आजोबा मला त्या रेकॉर्डमध्ये सापडत नाहीत.

चौथी_आल्टो

आता सवडीने.

घड्याळजींशी मी अर्धी सहमत आहे. या संचावर तिकडचे टीकाकारही हेच म्हणतात: फार गुळगुळीत. शिवाय मूळ चर्चमध्ये वरच्या ओळी लहान मुलगे किंवा उंच पट्टीत गाणारे पुरुष गात. इथे बायका गातात. मला त्याचं काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं, पण 'अस्सल' शोधणाऱ्यांना खटकतं.

पण मोबाईलच्या स्पीकरवर हे गाणं ऐकणं म्हणजे पुरणपोळीचा फोटो चाटणं. हे संगीत दगडी भिंतींसाठी लिहिलं आहे. सूर सोडल्यावर तो तीनचार सेकंद हवेत राहतो आणि पुढचा सूर त्यावर येऊन बसतो. इमारत हाच तुमचा तानपुरा समजा.

आणि तिरपांगडा, 'समेवर येणं नाही' हे खरं नाही. आहे, पण तालात नाही, सुरांच्या टोचण्यात आहे. एक आवाज आपला सूर धरून ठेवतो. खालचे आवाज सरकतात. आता तो धरलेला सूर टोचायला लागतो, अगदी शेजारच्या सुराला घासतो. आणि मग तो एक पायरी खाली उतरतो. हुश्श! एकदा ही जागा कानाला सापडली की मिनिटात पाच-सहा वेळा सापडते. गाताना तर अंगावर काटा येतो, कारण टोचणारा सूर तुमचा असतो आणि शेजारीण ढळत नाही.

श्वासाचंही ऐका. दहा जण पाच ओळींवर, म्हणजे एका ओळीला दोघं. एक श्वास घेतो तेव्हा दुसरा ओढत राहतो, म्हणून ओळ तुटत नाही. आमच्याकडे हे जमत नाही. आमच्याकडे दोघी एकदम श्वास घेतात आणि मग दोघी एकमेकींकडे बघतात.

मंद्रषड्ज

चौथी_आल्टो, टोचण्याचं वर्णन फक्कड.

धागाकर्ता पेटी वाजवतो म्हणून एक भर. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती हे आपल्याला पाठ आहे. पेटीचा गांधार चढा असतो, ही तिच्यावरची एक जुनी तक्रार. सुरांतलं अंतर सेंटमध्ये मोजतात, अख्खं सप्तक १२०० सेंटचं. पेटीत षड्जापासून शुद्ध गांधार ४०० सेंटवर, आणि तानपुरा नीट जुळला की तारेतून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गांधार ३८६ वर. चौदा सेंटचा फरक, कान तयार असेल तर लख्ख कळतो.

आता हे वाद्याविना गाणारे लोक. त्यांना पेटीच्या पट्ट्या बांधून ठेवत नाहीत, त्यामुळे चांगला संच शेवटच्या ठहरावावर गांधार खाली आणून बसवतो. तो स्वयंभूच असतो! दहा गळे मिळून तानपुऱ्यातला गांधार काढतात. मला पहिल्यांदा हे जाणवलं तेव्हा हेडफोन काढून खोलीत बघितलं, कुणी तानपुरा लावलाय का म्हणून.

तिरपांगडा

बाप रे. म्हणजे मला आवडलं ते ओळखीचं होतं म्हणून? घरी तानपुऱ्याचं ॲप आहे. लावून बघतो.

रापणकार

गोव्याहून एक अवांतर. आमच्या सासष्टी तालुक्यात ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमध्ये 'मोतेत' गातात. शब्द लॅटिन, दोन किंवा तीन आवाज, सोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट, आणि खाली रबेकांव म्हणजे डबल बेस. रचना बहुतेक गोव्यातल्याच मेस्तांच्या, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकांच्या. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातून ही माणसं घडली. पुढे मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात गोंयकार भरले ते याच शाळांच्या जोरावर.

मोतेत टॅलिसच्या काळाचे नव्हेत, चालही बरीच नंतरची. पण कुळी तीच. आणि घड्याळजी, आमच्याकडचे आवाज अजिबात गुळगुळीत नसतात याची ग्वाही देतो. माझा मामा बेस (सगळ्यात खालचा आवाज) गायचा, शेवटचा सूर तो बाकीच्यांच्या नंतर सोडायचा, मुद्दाम.

आणखी एक. फादर स्टीफन्स, 'क्रिस्तपुराण' वाले, ते इंग्लंडचे. १५७९ ला गोव्यात उतरले. म्हणजे टॅलिस म्हातारा आणि त्याचा शिष्य बर्ड ऐन भरात असताना हा माणूस इंग्लंडमध्ये विशीत होता. बर्डही कॅथलिक, हेही कॅथलिक, आणि राज्य प्रोटेस्टंट एलिझाबेथचं. बर्ड तिथेच राहून लपूनछपून गायच्या मिस्सा लिहीत बसला. हे बोटीत बसले आणि गोव्यातल्या रायतूरला १६१६ मध्ये मराठी ओव्या छापून मोकळे झाले.

सुकेळी

रापणकार, हे कधी असं शेजारी ठेवून बघितलंच नव्हतं. आमच्याकडे क्रिस्तपुराणाच्या ओव्या अजून म्हणतात.

नाना_नास्तिक

मला एक कळत नाही. देवाचं गाणं, देव न मानणारे गायक, तिकीट काढून आलेले देव न मानणारे श्रोते. हे ढोंग नाही का?

पोटोबा

नाना, संतवाणीच्या कार्यक्रमाला तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात. मी तिसऱ्या.

नाना_नास्तिक

पास होता.

मंद्रषड्ज

नाना, धर्म आणि पोट यांची सांगड तेव्हाही होतीच. टॅलिसने इंग्लंडच्या चार राज्यकर्त्यांच्या चाकरीत हयात काढली: आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ. एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट, असं आलटून पालटून. लॅटिन चालेना तेव्हा इंग्रजीत सोपं लिहिलं, एका अक्षराला एक सूर. मेरी आली, पुन्हा लॅटिन आणि भरजरी. माणूस १५८५ ला अंथरुणात मेला, त्या काळात हे यशच. त्याच्या मनात कुठला देव होता ते सुरांवरून कळत नाही.

घड्याळजी

पॅलेस्ट्रिना या सोळाव्या शतकातल्या इटालियन रचनाकाराने एक मिस्सा ऐकवून पॉलीफनी वाचवली, पोप तिच्यावर बंदी घालणार होता, असं कुठेसं वाचलंय. खरं?

चौथी_आल्टो

गोष्ट झकास, पुरावा नाही. ट्रेंटच्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या कॅथलिक चर्चच्या, धर्मपरिषदेत तक्रार होती खरी, की या विणकामात शब्दच ऐकू येत नाहीत. आणि 'मिस्सा पापे मार्चेली'त शब्द स्वच्छ कळतात हेही खरं. पण एका मैफलीत निकाल फिरला, हे नंतरच्या लोकांनी रंगवलेलं. ज्या पोप मार्सेलसचं नाव तिला आहे ते १५५५ मध्ये जेमतेम तीन आठवडे पोप होते.

पोटोबा

तीन आठवड्यांत नावावर अजरामर संगीत. आमच्या सोसायटीचे चेअरमन अकरा वर्षं आहेत, नावावर एक गळकी टाकी.

उगाचच

कुणी मोझार्टचं सांगितलं कसं नाही? अलेग्री या रचनाकाराचं 'मिझेरेरे' हे चर्चगीत पोपच्या सिस्टीन चॅपेलबाहेर न्यायला बंदी होती, आणि चौदा वर्षांच्या मोझार्टने १७७० मध्ये एकदा ऐकून सगळं उतरवलं. त्यातल्या त्या गगनभेदी सुरासाठी मी ते रोज ऐकतो.

चौथी_आल्टो

उगाचच, सॉरी, पण तो गगनभेदी सूर मोझार्टने ऐकलाच नव्हता. अलेग्रीच्या मूळ रचनेत तो नाही. पुढच्या काळात नकला, दुरुस्त्या आणि छपाईतली सरमिसळ यांतून एक तुकडा वरच्या पट्टीत जाऊन बसला, आणि तीच आवृत्ती जगभर पसरली. शिवाय 'बंदी' इतकी कडक नसावी, काही नकला बाहेर होत्याच. मोझार्टच्या वडिलांनी मात्र घरी पत्रात पोराचं भरपूर कौतुक केलं आहे.

टॅलिस स्कॉलर्सचं नाव पसरलं ते १९८० च्या याच मिझेरेरेच्या रेकॉर्डने, त्या चुकीच्या सुरासकट. आणि १९९४ मध्ये सिस्टीन चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या चित्रांची सफाई पूर्ण झाली तेव्हा त्यांना तिथेच गायला बोलावलं होतं. मीही ते वरच्या सुरासकटच ऐकते. चूक असली म्हणून काय झालं.

उगाचच

माझा सकाळचा चहा कडू केलात.

बर्फातला_कावळा

मी कॅनडात, ओटावाला. इथल्या नॅशनल गॅलरीत एक जुनं चॅपेल तुकड्या-तुकड्यांनी उचलून आत पुन्हा उभं केलं आहे. तिथे जॅनेट कार्डिफ या कलाकर्तीची मांडणी आहे: लंबगोलात चाळीस स्पीकर, माणसाच्या उंचीवर, आणि प्रत्येकातून 'स्पेम'मधला एकेकच आवाज. २००१ मधलं काम, गाणारे सॉल्झबरी कॅथीड्रलच्या कॉयरचे.

मध्ये उभं राहिलं की समुद्र. एका स्पीकरला कान लावला की एकच माणूस, चुकायला घाबरत गाणारा. गाणं सुरू होण्याआधीचंही मुद्रण आहे. कुणी खोकतंय, कुणी शेजाऱ्याशी गप्पा मारतंय, लहान पोरं कुजबुजताहेत. घड्याळजी, तुमचे आजोबा तिथे आहेत बहुतेक. मी एका बेसवाल्यापाशी अर्धा तास होतो. त्याच्या वाट्याला मोठमोठ्या गप्प जागा आहेत, आणि त्या जागांत तो फक्त श्वास घेतो.

घड्याळजी

हे ऐकायला आवडेल. प्रामाणिकपणे.

आडवाटेचा_वारकरी

फार वाचून झाल्यावर एक शंका. दिंडी लांब असेल तर पुढच्या टाळकऱ्यांचं चरण मागच्यांपर्यंत उशिरा पोचतं. पुढचे 'विठ्ठल' वर असतात, मागचे अजून आधीच्या शब्दावर. मध्ये चालणाऱ्याला दोन्ही ऐकू येतं आणि कुठे म्हणायचं ते कळत नाही. हीच का पॉलीफनी?

मंद्रषड्ज

माउली, ठरवून केलं तर त्याला कॅनन म्हणतात. जोस्कँने ठरवून केलं, तुम्ही चालता चालता केलं.

तिरपांगडा

सगळ्यांचे आभार, आता प्रयोगाचा अहवाल.

टॅलिसची 'इफ यी लव्ह मी' नावाची छोटी इंग्रजी रचना निवडली. चार आवाज, दोन मिनिटं. पट्टी जुळवून तानपुऱ्याचं ॲप लावलं. पहिलं वाक्य सुरेख बसलं, बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली. मग गाणं दुसऱ्याच सुरावर जाऊन विसावलं आणि तानपुरा लग्नात बोलावणं नसलेल्या पाहुण्यासारखा मागे उभा. मग परत घरी आलं. मग पुन्हा बाहेर. बंद केला.

मंद्रषड्ज, षड्ज हलतो हे आधी सांगायचं होतं.

मंद्रषड्ज

सांगितलं असतं तर तुम्ही लावून बघितलं नसतं. आणि नुसता विसावा हलतो असंही नाही. प्रत्येक ठिकाणी स्वयंभू गांधार जुळवत गेलं तर अख्खा संच हळूहळू मूळ पट्टीवरून घसरू शकतो. बेनेदेत्ती नावाच्या इटालियन गणितज्ञाने सोळाव्या शतकातच हे मांडून दाखवलं होतं. दर फेरीला ८१:८० एवढी घसरण, म्हणजे आजच्या श्रुतिमांडणीत जिला प्रमाणश्रुती म्हणतात ती. ट्यूनिंग फोर्क असलेल्या त्या बाई शेवटी पुन्हा कानाला लावत असतील तर त्याचसाठी.

तिरपांगडा

लावला होता! मध्यंतराच्या आधी. आणि तोंड वाकडं केलं होतं. मला वाटलं थंडीने.

तर तानपुरा बंद करून तीच रचना पुन्हा लावली, फक्त टेनरच्या मागे गेलो, बाकी कुणी कितीही बोलावलं तरी. तिसऱ्यांदा बेस. सहाव्यांदा काय झालं माहीत नाही, मी कुणाच्याच मागे नव्हतो आणि चौघंही ऐकू येत होते, निदान तीन-चार सेकंद. मग फोन वाजला.

पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलं आहे. या वेळी मोजे दोन जोड.

पोटोबा

अहवाल वाचून सोसायटीत प्रयोग केला. 'सुखकर्ता' दोन गटांत, दुसरा गट एक ओळ उशिरा. 'जय देव जय देव'ला दोन्ही गट एकदम येतील असा अंदाज होता. ए विंग अजून तिसऱ्या कडव्यावर आहे.